जी फाचा वारसा नेमका कोणाचा?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आला आणि बंदी बरी की परवाना बरा, हा जुना वाद पुन्हा पेटला. परवान्याची बाजू मांडणाऱ्यांच्या हाताशी अशा वेळी हाँगकाँगचे उदाहरण असते. तिथे १९७५ मध्ये ‘मार्क सिक्स’ ही अधिकृत सोडत सुरू झाली आणि गल्लीबोळांत चालणारा ‘जी फा’ हा आकड्यांचा बेकायदा खेळ पाहता पाहता मागे पडला. दुसरीकडे जुन्या हाँगकाँगच्या आठवणींत रमणारे लोक याच जी फाला हरवलेली लोककला मानून हळहळतात. मला या दोन्ही मांडण्या अपुऱ्या वाटतात, आणि अपुऱ्या असूनही त्या इतक्या ठामपणे केल्या जातात की एकीतून चुकीचे धोरण निघते आणि दुसरीतून चुकीचा इतिहास. माझे म्हणणे असे की जी फामध्ये दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या: गरिबांच्या खिशातून रोज थोडा थोडा पैसा काढून घेणारी यंत्रणा, आणि त्याच गरिबांनी तिच्याभोवती उभी केलेली अर्थ लावण्याची समृद्ध परंपरा. सरकारी सोडतीने पहिली गोष्ट आपल्याकडे घेतली आणि दुसरी टाकून दिली. याला सुधारणा म्हणणे मला मान्य नाही. वारसा जपायचाच असेल तर तो खेळणाऱ्यांचा जपला पाहिजे. अड्डेवाल्याचा त्यावर हक्क नाही आणि सोडत चालवणाऱ्यांचाही नाही.

आधी खेळ कसा होता ते सांगतो. छिंग राजवटीत दक्षिण चीनच्या किनारी प्रांतांत ‘ह्वाहुई’ या नावाने तो पसरला आणि कँटोनी भाषिकांनी त्याला जी फा हे रूप दिले. एकूण छत्तीस नावे असत. प्रत्येक नाव जुन्या काळातल्या एखाद्या व्यक्तीचे: कोणी शाही परीक्षेत पहिला आलेला विद्वान, कोणी सेनानी, कोणी व्यापारी, कोणी ताओपंथी साधू, कोणी बौद्ध भिक्षू, कोणी भिकारी, कोणी जोगीण. प्रत्येक नावाला एक क्रमांक, एक प्राणी आणि शरीराचा एक अवयव जोडलेला असे. अड्ड्याचा मालक छत्तीसांतले एक नाव निवडून कागदावर लिही, त्याची गुंडाळी करी आणि ती छताला टांगून ठेवी. सोबत एखादे कोडे जाहीर होई, बहुधा पद्याच्या एक-दोन ओळींत. लोक त्या ओळींचा अर्थ लावून पैसे लावत, मग गुंडाळी खाली उतरवून उलगडली जाई. नाव बरोबर आले तर लावलेल्या रकमेच्या तीसपट पैसे मिळत. पैसे गोळा करणारे दलाल घरोघर आणि बाजारात फिरत, त्यामुळे अड्ड्याची पायरी न चढताही खेळता येई, आणि हातात अगदी चिल्लर असली तरी चाले. घरकाम करणाऱ्या बायका आणि कारखान्यांतल्या मजूर बायका या खेळाकडे वळल्या त्या यामुळेच.

या नियमांपलीकडे जे घडत होते त्यात मला खरा रस आहे. जी फाच्या तक्त्यावर एका माणसाची आकृती काढलेली असे आणि तिच्या डोक्यापासून पायापर्यंत ही नावे विखुरलेली असत. जिला अक्षरओळख नाही अशा बाईलाही हा तक्ता वाचता येई. रात्री स्वप्नात मासा दिसला, सकाळी खांदा दुखू लागला, वाटेत प्रेतयात्रा आडवी गेली, तर त्या प्रत्येकाचे कुठले ना कुठले नाव तक्त्यावर सापडे. पण एकाच गोष्टीची दोन-तीन नावेही निघू शकत, आणि अर्थ लावण्याचे काम तिथून पुढे सुरू होई. मासा पाण्यात होता की टोपलीत? कोड्यातला डोंगर साधूच्या मठाचा की सेनानीच्या छावणीचा? अड्डेवाला कोडे सरळ घालेल, की सरळ वाटावे म्हणून मुद्दाम तसे घालेल? हे हाँगकाँग कोणते होते तेही लक्षात घेतले पाहिजे. १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांनी शहर भरून गेले होते. १९५३ च्या नाताळात शेक किप मेईच्या झोपडपट्टीला आग लागली आणि एका रात्रीत पन्नास हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले. त्यानंतर सरकारने एकेका खोलीत अख्खे कुटुंब कोंबणाऱ्या वसाहती उभ्या केल्या. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांपाशी जुन्या कथा होत्या, पण त्या कोणापाशी बोलाव्यात असे निमित्त नव्हते. जी फाने ते निमित्त पुरवले. कोड्यावर वाद घालायचा तर भिक्षूची गोष्ट माहीत हवी, भिकाऱ्याची हवी, कोणता प्राणी कोणाचा हे तोंडपाठ हवे. काव्यार्थ लावण्याची ही रोजची तालीम होती आणि ती करणाऱ्यांना कोणी वाचक म्हटले नाही.

आता विरोधी बाजूचे म्हणणे. पहिला मुद्दा उघड आहे आणि तो खरा आहे: हा जुगार होता आणि त्याने घरे खाल्ली. चार पैसेच लावायचे असले तरी ते रोज लावायचे, आणि हरलेले भरून काढण्यासाठी उद्या थोडे अधिक लावायचे, हे चक्र ज्याने जवळून पाहिले आहे तो त्याला लोककला म्हणताना अडखळेल. शिवाय असा खेळ पोलिसांच्या आशीर्वादाशिवाय चालत नाही. हाँगकाँगमध्ये बेकायदा धंद्यांचे हप्ते हाताखालच्या वसुलीदारांमार्फत वरपर्यंत पोहोचत असत. पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी १९७३ मध्ये हाँगकाँग सोडून पळाला, त्यानंतर न्यायमूर्ती ब्लेअर-कर यांनी केलेल्या चौकशीच्या अहवालात ही व्यवस्था बसच्या रूपकातून नोंदलेली आहे: बसमध्ये चढा, नाहीतर तिच्या बाजूने धावा, पण तिच्यासमोर उभे राहू नका. फिलिपिन्समध्ये याच कुळातला ‘हुएतेंग’ थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचला. त्यातल्या हप्त्यांचे आरोप ऑक्टोबर २००० मध्ये जाहीर झाले, जानेवारी २००१ मध्ये जोसेफ एस्ट्राडा यांना पद सोडावे लागले आणि २००७ मध्ये ते दोषी ठरले. ज्या खेळाच्या पैशावर सरकारे पडतात त्याच्याकडे केवळ गोड आठवणींतून पाहणे हा त्यात भरडलेल्यांवर अन्याय आहे, आणि स्मरणरंजन करणाऱ्यांनी तो मान्य केलाच पाहिजे.

पण हाच मुद्दा पुढे करून सरकारी सोडतीचे गोडवे गायचे असतील तर आधी हिशेब मांडावा लागेल. छत्तीसांत एक नाव आणि तीसपट परतावा, म्हणजे खेळ प्रामाणिकपणे चालला तर लोकांनी लावलेल्या प्रत्येक शंभरांतले सुमारे ८३ लोकांकडेच परत जातात आणि १७ अड्ड्याकडे राहतात. खेळ नेहमी प्रामाणिक नसे, दलालाचा वाटा असे, म्हणून प्रत्यक्षातला आकडा याहून कमी धरावा हे योग्यच. मार्क सिक्सचा हिशेब मात्र जाहीर आहे. जमा रकमेतले ५४ टक्के बक्षिसांत जातात, २५ टक्के सरकारी कर, १५ टक्के समाजकार्यासाठीच्या लॉटरी फंडाला आणि ६ टक्के सोडत चालवणाऱ्या जॉकी क्लबला. जी फामध्ये जिंकण्याची शक्यता छत्तीसांत एक होती. मार्क सिक्सचे पहिले बक्षीस ४९ आकड्यांतले सहा ओळखण्यावर आहे आणि ती शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक आहे. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच्या शंभर रुपयांतले कोण किती ठेवून घेतो, या एका कसोटीवर सरकारी सोडत कागदोपत्री अड्ड्याहून महाग पडते. मग बेकायदा अड्डा गरिबाला लुबाडतो आणि कायदेशीर सोडत त्याचे रक्षण करते, हे वाक्य कोणत्या आधारावर उच्चारायचे?

यावर उत्तर येते की सोडतीचा पैसा समाजाकडे परत येतो, सोडत उघड्यावर होते, गुंड आणि पोलीस मधून निघून जातात. यातले उघडेपण मी मनापासून मान्य करतो. ज्याने आकडा निवडला तोच पैसे घेतो अशी व्यवस्था लबाडीला आमंत्रण देते आणि ती गेली हे चांगले झाले. पण हाँगकाँगमधला भ्रष्टाचार सोडतीने संपवला असे म्हणणे म्हणजे १९७४ मध्ये स्थापन झालेल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे श्रेय हिरावून घेणे आहे. ज्या वर्षांत जी फा ओसरला त्याच वर्षांत पोलीस खात्याची साफसफाई झाली, लोकांची मिळकत वाढली, घरोघरी दूरचित्रवाणी आली. एवढ्या कारणांतून एक उचलून त्याला औषध ठरवणे घाईचे आहे. आणि औषध खरेच तसे रामबाण असते तर इतरत्रही लागू पडले असते. फिलिपिन्समध्ये हुएतेंगला शह देण्यासाठी अधिकृत ‘स्मॉल टाउन लॉटरी’ आली, हुएतेंग गेला नाही. दक्षिण आफ्रिकेत २००० मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली, तिथला याच कुळातला ‘फाफी’ त्यानंतरही वस्त्यांमध्ये चालू राहिला.

राहिला महसुलाचा मुद्दा, आणि इथे चीनचा आणि सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, इतिहास इतका बोलका आहे की वाद घालणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा असे वाटते. एकोणिसाव्या शतकात क्वांगतुंग प्रांतात ‘वेइशिंग’ नावाचा जुगार होता. शाही परीक्षेत कोणत्या आडनावांचे उमेदवार उत्तीर्ण होतील यावर पैसे लागत. बंदी घातली तर तो पोर्तुगीजांच्या मकावमध्ये गेला आणि उत्पन्नही तिकडेच गेले. तेव्हा १८८५ च्या सुमारास, फ्रान्सशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी असताना, प्रांताचे प्रमुख चांग चिदोंग यांनी तो कर भरून चालवायला परवानगी दिली. आजचा परवानावादी जो युक्तिवाद करतो तो सगळा त्यांनी तेव्हाच केला होता: लोक खेळणारच, पैसा बाहेर जाण्यापेक्षा देशाच्या कामी येऊ दे. परिणाम काय झाला? कोणत्या आडनावावर किती पैसे लागले आहेत यावरून कोणाला उत्तीर्ण करायचे आणि कोणाला पाडायचे याचे सौदे परीक्षा मंडपापर्यंत जाऊन पोहोचले. ज्या परीक्षेवर राज्यकारभाराची प्रतिष्ठा उभी होती तीच जुगाराच्या दावणीला बांधली गेली, आणि १९०५ मध्ये परीक्षा रद्द झाल्या तेव्हाच त्या जुगाराचा आधार कायमचा सुटला.

सयामची हकीकत याहून जवळची आहे, कारण तिथे थेट ह्वाहुईच राज्याने चालवला. १८३० च्या दशकाच्या आरंभी आधी पुराने आणि मग दुष्काळाने तांदूळ महागला आणि बाजारातला पैसा दिसेनासा झाला. लोक चांदी जमिनीत पुरून ठेवतात, ती बाहेर काढायची तर हा खेळ सुरू करावा, असे एका श्रीमंत चिनी व्यापाऱ्याने तिसऱ्या राम राजाला सुचवले आणि १८३५ मध्ये ‘हुअय’ सुरू झाला. चिनी लिपी थाई लोकांना येईना, म्हणून नावांना थाई वर्णमालेतली अक्षरे जोडली गेली. पुरलेला पैसा खरोखरच बाहेर आला. पण तो दुष्काळात उपयोगी पडावा म्हणून लोकांनी पुरून ठेवलेला पैसा होता, याचा विचार त्या योजनेत कुठे होता? पुढची ऐंशी वर्षे राज्याला त्याचे उत्पन्न मिळत राहिले आणि अखेर १९१६ मध्ये सहाव्या रामाने, तिजोरीचे नुकसान सोसून, तो बंद केला. राज्यकर्त्यालाच एक दिवस ते उत्पन्न नकोसे झाले, ही साक्ष मला कोणत्याही आधुनिक आकडेवारीपेक्षा वजनदार वाटते.

दुसरा आक्षेप आपल्या महाराष्ट्रात तरी विशेष जोराने येणार, आणि तो यायलाही हवा. स्वप्नावरून आकडा काढणे ही अंधश्रद्धा आहे. तिला संस्कृती म्हणून गौरवायचे तर बाबा-बुवांकडून आकडा घेणाऱ्यांनी काय पाप केले? स्वप्न आणि टांगलेली गुंडाळी यांचा काडीचाही संबंध नाही, हे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. चांगले स्वप्न पडावे म्हणून कबरींपाशी जाऊन झोपण्यापर्यंत लोकांची मजल गेली, इतका या श्रद्धेचा विळखा होता. इथे विरोधकांचा एक आणखी खोल मुद्दा आहे, जो ते सहसा मांडत नाहीत म्हणून मीच मांडतो. अर्थ लावण्याची ही परंपरा अड्डेवाल्याच्या फायद्याचीच होती. वस्तीत काल मोठी घटना घडली, सगळ्यांनी तिचा एकच अर्थ लावला, एकाच नावावर पैसा लोटला, तर अड्डेवाल्याला फक्त ते नाव टाळायचे असे. तक्ता, कथा, प्राणी, अवयव हे सारे त्याच्या हातात खेळणाऱ्यांच्या मनाचा नकाशाच देत होते. कोडेही त्याचेच. म्हणजे ज्याला मी वारसा म्हणतो तो सापळ्याचाच एक भाग होता, सापळ्यावर नंतर वाढलेली वेल नव्हे.

हे खरे आहे आणि तरीही माझी भूमिका बदलत नाही, कारण एखादी गोष्ट कोणी कशासाठी वापरली आणि ती कोणी घडवली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नावे आणि कोडी अड्ड्याने दिली. त्यांचे हजारो अर्थ अड्ड्याने दिले नाहीत. सावकाराच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या बाईने जात्यावर बसून त्याच सावकाराला उद्देशून ओवी रचली, तर त्या ओवीचा धनी सावकार होत नाही. आपल्या परंपरेने जुगाराबाबत हा विवेक फार पूर्वी दाखवला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त फाशांच्या मोहाचे इतके जिवंत वर्णन करते की फासे हातात खुळखुळल्यासारखे वाटतात, आणि त्याच सूक्तात ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’, फासे खेळू नकोस, शेतीच कर, असा स्पष्ट आदेश आहे. निषेध करायचा म्हणून अनुभव पुसून टाकावा असे त्या कवीला वाटले नाही. आपण गावाबाहेरच्या सतीशिळाही जपतो. १८२९ मध्ये कायद्याने थांबलेली प्रथा परत यावी म्हणून कोणी त्या जपत नाही. त्या दगडांवरचा बांगड्यांचा हात कोणाचा होता हे विसरू नये म्हणून जपतो. मग आकड्यांच्या खेळाबाबतच, वारसा म्हटले की तो पुन्हा सुरू करा असाच अर्थ का काढायचा?

काढला जातो, कारण तसे करणारेही आहेत. त्रिनिदादमध्ये १८५३ पासून चिनी करारबद्ध मजूर उतरले, आणि चिन्यांबरोबर हा खेळ तिथे जाऊन ‘व्हेव्हे’ झाला. आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या शेजाऱ्यांनी तो उचलला, आणि उचलताना बदललाही. छत्तीस चिनी नावांच्या जागी छत्तीस चिन्हे आली: एक म्हणजे गोम, दोन म्हणजे म्हातारी, अकरा गिधाड, तेरा बेडूक, पंचवीस तिथले स्थानिक कासव. एकोणतिसावे चिन्ह ‘अफूवाला’ आहे. ज्या समाजाला अफूच्या व्यापाराने पोखरले त्याची एक सावली कॅरिबियन बेटावरच्या तक्त्यात अशी कायमची बसली, आणि ते चिन्ह लावणाऱ्या बहुतेकांना तो इतिहास कोणी शिकवलेला नसतो. १९९४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लॉटरी मंडळाने ‘प्ले व्हे’ या नावाने हा खेळ अधिकृत केला आणि हाँगकाँगच्या उलट, चिन्हे जशीच्या तशी ठेवली. याला संस्कृतीचे जतन म्हणायचे का? चिन्हे टिकली, हे खरे. पण आता ती तिकीट खपवण्याच्या कामी आहेत. लोकांनी पिढ्यानपिढ्या घडवलेला शब्दकोश एका मंडळाला आयता मिळाला आणि त्याने तो त्याच लोकांना शुल्क आकारून परत दिला. हाँगकाँगने अर्थ फेकून दिला, त्रिनिदादने तो विकायला काढला. घडवणाऱ्यांचा हक्क मान्य करणे दोन्हीकडे राहून गेले.

जोहान्सबर्गची गोष्ट मला याहून अधिक अस्वस्थ करते. तिथल्या चिनी समाजाला वर्णद्वेषी कायद्यांनी खाणकामापासून जमीनमालकीपर्यंत बहुतेक वाटा बंद केल्या होत्या. १९०७-०८ मध्ये नोंदणीच्या कायद्याविरुद्ध गांधीजींच्या बरोबरीने या समाजानेही लढा दिला आणि त्यांचे नेते लिअंग क्विन तुरुंगात गेले, हे आपल्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते येते. दारे बंद असलेल्या या समाजातल्या काहींनी फाफीचा आधार घेतला, आणि ज्यांच्यासाठी दारे त्याहून घट्ट बंद होती त्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या बायका तो खेळू लागल्या. प्रत्येक खेळणारी आपली चिठ्ठी आणि पैसे छोट्या बटव्यात घालते, दलाल ते बटवे पिशवीत गोळा करते, ठरल्या वेळी चिनी अड्डेवाल्याची मोटार वस्तीच्या कडेला येऊन थांबते, आकडा सांगितला जातो आणि जिंकलेल्यांचे पैसे त्याच बटव्यांतून परत येतात. इथेही छत्तीस आकडे, इथेही स्वप्ने. त्रिनिदादमध्ये चार म्हणजे मेलेला माणूस, जोहान्सबर्गमध्येही चार म्हणजे मेलेला माणूस. पण दोनचा आकडा तिकडे म्हातारीचा आहे आणि इकडे माकडाचा. दोन महासागरांपलीकडच्या, एकमेकींची नावेही ठाऊक नसलेल्या वस्त्यांनी एकाच तक्त्यातले काय ठेवले आणि काय बदलले, याचा अभ्यास करण्याऐवजी आपण हा खेळ कायदेशीर असावा की नसावा एवढ्यावरच बोलत राहतो.

अर्थ गळून गेला की काय उरते तेही पाहता येते. जी फाचा भाऊबंद असलेल्या ‘पाक काप पिऊ’ या सोडतीत लहान मुलांना अक्षरे शिकवणाऱ्या हजार अक्षरांच्या प्राचीन पद्यातली पहिली ऐंशी अक्षरे कागदावर छापलेली असत आणि त्यांतली वीस काढली जात. चिनी स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत गेली, अक्षरांच्या जागी एक ते ऐंशी आकडे आले आणि आज जगभरच्या कॅसिनोंमध्ये ‘किनो’ म्हणून तीच खेळली जाते. पैसा घेण्याचा सांगाडा जसाच्या तसा राहिला, कविता तेवढी गेली. जुगाराच्या आधुनिकीकरणात काय टिकते आणि काय जाते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही, आणि आज मोबाइलच्या पडद्यावर जे चालते ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

म्हणून ऑनलाइन जुगाराच्या बाजूने कोणी ‘हा तर आपला जुना सांस्कृतिक खेळ’ असे म्हणू लागला की सावध झाले पाहिजे, आणि हाँगकाँगकडे बोट दाखवून परवान्याची शिफारस झाली की ५४ टक्क्यांचा हिशेब समोर ठेवला पाहिजे. महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत आकडे लागत. ते भाव येणे थांबले तेव्हा वरळीत कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी मटका उभा केला, आणि गिरणगावचा पगार त्यात वाहून गेला. १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी आली म्हणून मटका थांबला नाही. मटक्याविषयी आपण जे काही लिहिले-बोलले ते बहुतेक त्याच्या राजांविषयी. साच्यावर उभ्या असलेल्या ज्या कामगाराने रोज ओपन आणि क्लोजचा आकडा लावला, तो कोणत्या खुणांवरून, कोणत्या स्वप्नावरून, घरात काय सांगून लावला, हे विचारायला फारसे कोणी गेले नाही.

माझी मागणी त्यामुळे कायद्याच्या पुस्तकाकडे नाही, संग्रहालयांकडे आणि विद्यापीठांकडे आहे. जी फाचे तक्ते, कोड्यांचे कागद, स्वप्नांच्या वह्या गोळा व्हाव्यात, आणि त्या मांडताना शेजारी अड्ड्याचा आणि सोडतीचा हिशेबही लावावा, म्हणजे पाहणाऱ्याला सौंदर्य आणि शोषण एकाच भिंतीवर दिसेल. हाँगकाँगमध्ये १९७० च्या सुमारास जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ज्या बायकांनी कोडी सोडवली त्या आणि ज्यांनी घरोघर चिठ्ठ्या गोळा केल्या ते दलाल, दोघांच्याही मुलाखती आता घ्यायला हव्यात. आजवर त्यांची नोंद पोलिसांच्या कागदपत्रांत आरोपी म्हणून झाली. आता त्यांना साक्षीदार म्हणून विचारावे लागेल. त्यांना जिंकलेल्या रकमांबद्दल कमी आणि हरलेल्या अर्थांबद्दल अधिक विचारावे: कोणते कोडे अजून आठवते, त्याचा अर्थ कसा लावला होता, आणि गुंडाळी उलगडल्यावर तो अर्थ चुकला हे कळले तेव्हा शेजारणीने कोणता नवा अर्थ सांगितला होता.